क्लास ० रबरी हातमोज्यांचा संच: शिक्का ५००० चा, मर्यादा १००० ची

चालू पॅनलमध्ये हात घालायची वेळच येऊ नये, हा विजेच्या कामाचा पहिला नियम. अमेरिकेतल्या ओशाचा (कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम याबाबत स्पष्ट आहे: ५० व्होल्ट आणि त्यावरचे उघडे भाग काम सुरू करण्याआधी बंद करायचे. बंद केल्यामुळे उलट धोका वाढत असेल, किंवा ते काम बंद अवस्थेत होण्यासारखंच नसेल, तेवढ्यापुरतीच सूट. मग सगळं बंदच करायचं असेल तर रबरी हातमोजे कशाला, असं अनेक ठिकाणी विचारलं जातं आणि मोज्यांची पिशवी स्टोअरमधल्या कपाटात पडून राहते.

उत्तर साधं आहे. ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, पाटी अडकवली, तरी आतली लाइन मेली आहे हे मोजून सिद्ध होईपर्यंत ती चालूच धरायची असते. ब्रेकरचा एखादा पोल (एका फेजचा संपर्क) चिकटून राहिलेला असतो, दुसऱ्या फीडरमधून (पुरवठ्याच्या केबलमधून) किंवा यूपीएसमधून उलटा पुरवठा येत असतो, ड्रॉइंगवर दाखवलेला आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) भलत्याच पॅनलचा निघतो. हे तपासायला टेस्टरची टोकं बसबारला (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीला) लावावीच लागतात आणि ती लावणारा हात त्या क्षणी चालू पॅनलमध्ये असतो. हे मोजे सगळ्यात जास्त कामाला येतात ते याच मोजमापाच्या वेळी. म्हणून ‘आम्ही चालू लाइनवर काम करत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक विभागालाही हा संच लागतो.

परीक्षण आहे ते लो-व्होल्टेज कामासाठी सर्वत्र मिळणाऱ्या ११ इंची क्लास ० संचाचं. क्लास म्हणजे मोजा किती व्होल्टपर्यंत चालतो याची श्रेणी. कंपनी कुठलीही असो, आत तीन वस्तू असतात: रबरी मोज्यांचा जोड, त्यावर चढवायचे चामडी मोजे आणि कॅनव्हासची पिशवी. कंपन्यांमधला फरक शिवणीत, बोटांच्या आकारात आणि रबराच्या मऊपणात दिसतो. वीज अडवण्याची किमान पात्रता मानकाने बांधलेली आहे, अमेरिकी एएसटीएम डी १२० किंवा आंतरराष्ट्रीय आयईसी ६०९०३. यापैकी एकाचाही शिक्का मनगटाजवळ नसेल तर तो मोजा प्रयोगशाळेत भांडी धुवायला वापरा, पॅनलजवळ आणू नका.

आता शिक्क्याबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. क्लास ० चा मोजा ५००० व्होल्ट एसीला तपासलेला असतो आणि कित्येक खोक्यांवर हा आकडा ठळक छापतात. वापरायची कमाल मर्यादा मात्र १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसी. मधलं अंतर ही सुरक्षेची राखीव जागा आहे. ती खर्च करायची नसते. ‘पाच हजाराचे मोजे आहेत’ म्हणून ३.३ केव्हीच्या पॅनलकडे निघालेला माणूस दिसला तर त्याला तिथेच अडवा. त्या कामाला क्लास १ लागतो: चाचणी १०,००० ला, वापर ७५०० व्होल्टपर्यंत. क्लास २ ची मर्यादा १७,०००, क्लास ३ ची २६,५०० आणि क्लास ४ ची ३६,००० व्होल्ट एसी. लेबलचा रंग लांबूनही ओळखू येतो: ०० बदामी, ० लाल, १ पांढरा, २ पिवळा, ३ हिरवा, ४ नारिंगी. मर्यादा धरायची ती फेज-टू-फेज, म्हणजे दोन फेजमधल्या व्होल्टेजवर. एकाच फेजला हात लावणार म्हणून फेज-टू-अर्थचा कमी आकडा धरणं तीन फेजच्या पॅनलमध्ये चुकीचं आहे, कारण दुसरी फेज त्याच हाताच्या मागे चार बोटांवर असते.

क्लास ०० पातळ असतो, बोटांना मोकळा वाटतो, आणि म्हणूनच लोक तो मागतात. त्याची मर्यादा ५०० व्होल्ट एसी आणि ७५० व्होल्ट डीसी. ४०० व्होल्टच्या पॅनलला तो कागदावर चालतो, ४८० च्या पॅनलला अगदी काठावर चालतो. ज्यांचं सगळं काम कंट्रोल वायरिंगचं, २३० व्होल्ट आणि त्याखालचं आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण एकाच विभागात दोन्ही क्लास ठेवले की घाईत बदामी लेबलचा मोजा मोठ्या पॅनलवर जातोच. मिश्र काम असेल तर सगळीकडे क्लास ० ठेवणं शहाणपणाचं.

डीसीवाल्यांनी आकडे आणखी बारकाईने पाहावेत. १००० व्होल्टच्या सोलर स्ट्रिंगला (एकापुढे एक जोडलेल्या सोलर पॅनलच्या साखळीला) क्लास ० पुरतो. १५०० व्होल्टची रचना असेल तर मोजा थेट मर्यादेवर येतो आणि तिथे क्लास १ कडे वळणं योग्य. बॅटरी बँकेजवळ काम असेल तर आयईसीच्या लेबलवर ‘ए’ हे अक्षर शोधा; त्याचा अर्थ आम्लाला टिकणारा. ‘एच’ म्हणजे तेलाला, ‘झेड’ म्हणजे ओझोनला, ‘आर’ म्हणजे या तिन्हींना, आणि ‘सी’ म्हणजे अतिथंड हवामानाला. एएसटीएमच्या पद्धतीत टाइप १ म्हणजे ओझोनला न टिकणारा, टाइप २ म्हणजे टिकणारा. टाइप १ नैसर्गिक रबराचा, मऊ आणि लवचीक. बंदिस्त जागेतल्या लो-व्होल्टेज कामाला तोच बरा. ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांना कृत्रिम रबराचा टाइप २ घ्यावा लागेल. तो जरा ताठ असतो.

या संचातली सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते तितकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे चामडी मोजे. वीज अडवतं रबर, पण क्लास ० चं रबर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतं. कापलेल्या केबलटायचं टोक, केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या लगची कड, शीटमेटलची धार, तुटलेल्या तारेची एक बट, यातलं काहीही त्यातून आरपार जातं. एवढ्याशा छिद्राने मोज्याची किंमत शून्य होते आणि ते छिद्र डोळ्यांना दिसतही नाही. चामडं हे सगळं आपल्या अंगावर घेतं. चाप (शॉर्ट झाल्यावर हवेतून उडणारी विजेची प्रचंड गरम ज्वाला) पेटला तर हातांना आगीपासून वाचवण्याचं कामही तेच करतं. उघडं रबर त्यासाठी बनवलेलं नाही.

चामडी मोजा रबरी मोज्यापेक्षा मुद्दाम आखूड असतो. क्लास ० आणि ०० मध्ये हे अंतर किमान अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर हवं. क्लास १ ला २५, क्लास २ ला ५१, क्लास ३ ला ७६ आणि क्लास ४ ला १०२ मिलिमीटर. चामडं घामाने, तेलाने, धुळीने वीजवाहक होऊ शकतं. बसबारला टेकलेल्या चामड्यावरून वीज पृष्ठभागाने सरकत मनगटापर्यंत आली तर तिला पुढे रबराची उघडी पट्टी आडवी यायला हवी. गरम होतं म्हणून रबराची कड बाहेरच्या बाजूला दुमडणारे लोक हीच पट्टी नाहीशी करतात. संच घेताना दोन्ही मोजे एकात एक घालून पट्टी मोजून पाहा. काही संचांत चामडी मोज्याचं मनगट इतकं लांब शिवलेलं असतं की मोठ्या मापात हे अंतर जेमतेम राहतं. असा संच परत करा.

चामडी मोजे इतर कामाला वापरू नका, हे पिशवीवर रंगाने लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. केबल ओढायला, भंगार उचलायला एकदा ते वापरले की चामड्यात धातूचा कीस रुततो आणि तो पुढे आतून रबराला टोचत राहतो. रबरी मोजा घालण्याआधी चामडी मोजा उलटा करून आतून बोटं फिरवून पाहायची ती त्यासाठी.

रबर एकरंगी काळं घ्यावं की दुरंगी, या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे: दुरंगी. बाहेरचा थर एका रंगाचा आणि आतला दुसऱ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा असतो. कापलं, खरचटलं की आतला रंग डोकावतो. काळ्या मोज्यावरची बारीक भेग कंट्रोल रूमच्या पिवळ्या दिव्याखाली कुणालाच दिसत नाही.

तपासणी रोज, वापरण्याआधी, आणि मोज्याला काही लागल्याची शंका आल्यावर पुन्हा. आधी डोळ्यांनी: बोटांच्या बेचक्या ताणून पाहायच्या, कारण भेगा तिथून सुरू होतात. केसासारख्या बारीक समांतर चिरा म्हणजे ओझोनने खाल्लेलं रबर. फुगीर, मऊ, चिकट डाग म्हणजे तेल किंवा सॉल्व्हंट. कडक चकाकणारा भाग म्हणजे उष्णता किंवा ऊन. यातलं काहीही दिसलं तर मोजा बाजूला, चर्चा नको. त्यानंतर हवेची चाचणी. मोजा मनगटाकडून गुंडाळत आणून हवा पंजात कोंडायची, एकेक बोट दाबायचं, मोजा गालाजवळ आणि कानाजवळ धरून झुळूक किंवा सुस्कारा लागतो का पाहायचं. मग उलटा करून पुन्हा तेच. ११ इंची मोज्यात गुंडाळायला लांबी कमी पडते, बोटं दुखतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून लोक ही चाचणी सोडून देतात. त्यावरचा इलाज म्हणजे मोजा फुगवायचा छोटा हातपंप. तो या संचात नसतो आणि ही संचाची सर्वांत मोठी उणीव आहे. पंप असला तरी मर्यादा पाळा: टाइप १ मूळ आकाराच्या दीडपट, टाइप २ सव्वापट. त्यापुढे फुगवलं तर तपासणीच रबराला थकवते.

हवेची चाचणी आरपार छिद्र पकडते. विरलेली जागा, अर्धवट चीर, जुनं झालेलं रबर तिला सापडत नाही. त्यासाठी विजेची चाचणी लागते: मोज्यात पाणी भरून तो पाण्यात बुडवायचा, आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात ५००० व्होल्ट द्यायचे आणि गळणारा प्रवाह मोजायचा. इथे दोन मानकं वेगळं बोलतात. ओशाचा नियम सांगतो की मोजे वापरात देण्याआधी आणि त्यानंतर दर ६ महिन्यांनी चाचणी हवीच, आणि न वापरता ठेवलेल्या मोज्याची चाचणी १२ महिन्यांपेक्षा जुनी असेल तर तो वापरात काढता येत नाही. आयईसीची शिफारस क्लास ०० आणि ० साठी डोळ्यांची आणि हवेची तपासणी पुरेशी मानते. खरेदी विभाग साहजिकच दुसरं वाक्य पुढे करतो. कामाला हात घालणाऱ्याने पहिलं धरावं. ६ महिन्यांत घाम, घडी, ऊन आणि तेल यांनी रबराचं काय झालं ते हवा सांगू शकत नाही.

यातून खरेदीचा एक हिशोब निघतो. जोड चाचणीला गेला की काम थांबत नाही, म्हणून माणशी दोन जोड हवेत. शिवाय खोकं उघडताच चाचणीची तारीख पाहा. दुकानात ११ महिने पडलेला संच नवा दिसतो, पण महिनाभरात वापरात काढला नाही तर आधी प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. तारीख बॉलपेनने किंवा मिळेल त्या मार्करने मोज्यावर लिहू नका. टोक टोचतं आणि शाईतलं सॉल्व्हंट रबर खातं. प्रयोगशाळेचा शिक्का आणि वेगळी नोंदवही, एवढं पुरे.

हातात हा संच कसा वाटतो? खरं सांगायचं तर जाड. रबर आणि त्यावर चामडं म्हणजे एम४ चा स्क्रू उचलणं जवळपास अशक्य, तारेच्या टोकावरची फेरूल (धातूची नळी) टर्मिनलमध्ये घालणं कष्टाचं. एम८ पासून पुढचे नटबोल्ट, ब्रेकर बाहेर सरकवायचं (रॅकआउट) हँडल, टेस्टरची टोकं, क्लॅम्प मीटर, हे सगळं नीट जमतं. बारीक काम जमत नाही म्हणून चामडं काढायचा मोह होतो. ओशा त्याला अपवाद म्हणून परवानगी देते, तीही लहान उपकरणं आणि बोटांचं अतिशय बारीक काम असेल तेव्हाच. क्लास ०० साठी २५० व्होल्टपर्यंतच. आणि चामड्याविना वापरलेला मोजा पुन्हा वापरण्याआधी विजेच्या चाचणीला पाठवायचा. या शेवटच्या अटीमुळे हा रस्ता कुणालाच स्वस्त पडत नाही. बारीक काम असेल तर शटडाउन घ्या.

मापही जमण्या-न जमण्याशी जोडलेलं आहे. बोटांच्या मुळाशी पंजाचा घेर इंचात मोजायचा. ९ इंच भरला तर माप ९. आत सुती अस्तर घालणार असाल तर अर्ध्याने वाढवा. अस्तर घालाच, घाम शोषला जातो आणि रबर हाताला चिकटत नाही. तेही संचात नसतं. चामडी मोजा त्याच मापाचा हवा, घट्ट असेल तर आतलं रबर सुरकुततं आणि त्याच घडीवर विरतं. घालण्याआधी अंगठी, घड्याळ, कडं काढायचं.

आता मोजे घालून करायच्या मुख्य कामाकडे. ब्रेकर किंवा आयसोलेटर उघडून जिथे शक्य तिथे पाती डोळ्यांनी पाहिली, कुलूप-पाटी झाली, कपॅसिटर आणि स्प्रिंगसारखी साठलेली ऊर्जा सोडली. मग टेस्टर आधी माहीत असलेल्या चालू सोर्सवर लावून बघायचा, नंतर आपल्या सर्किटवर, नंतर परत त्याच चालू सोर्सवर. तिसरी पायरी गाळली तर मधल्या वेळेत टेस्टरचा फ्यूज उडाला होता की लाइन खरंच मेली होती, हे कळायचा मार्ग उरत नाही. तीन फेज आणि न्यूट्रल असलेल्या पॅनलमध्ये एकूण १० मापं होतात: फेज-टू-फेज तीन, प्रत्येक फेज ते न्यूट्रल तीन, प्रत्येक फेज ते अर्थ तीन, आणि न्यूट्रल ते अर्थ एक. फक्त फेज-टू-फेज पाहिलं आणि एकच पोल चिकटलेला असला तर तीनही मापं शून्याजवळ येऊ शकतात आणि ती फेज अर्थच्या तुलनेत पूर्ण चालू असते.

टेस्टर दोन टोकांचा हवा. पेनासारखा स्पर्शाविना पेटणारा टेस्टर डीसी ओळखत नाही, धातूचं आवरण (शील्ड) असलेल्या केबलवर गप्प बसतो, आणि शेजारच्या तारेमुळे खोटाही पेटतो. लाइन मेल्याचा पुरावा म्हणून तो धरू नका. टोकांचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. चामडी मोज्यात पकड सैल असते आणि लांब उघडं टोक घसरलं की दोन बसबार जोडले जातात.

तिथेच या संचाची खरी मर्यादा येते. मोजे शॉकपासून वाचवतात, चाप पेटला तर चेहरा, मान आणि छाती उघडीच राहते. १.२ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर एवढी उष्णता त्वचेवर दुसऱ्या दर्जाची भाजल्याची जखम करायला पुरते आणि एनएफपीए ७०ई या विजेच्या कामाच्या अमेरिकी सुरक्षा मानकात चापाच्या धोक्याची हद्द याच आकड्यावर आखतात. पॅनलवरच्या लेबलवर ८ कॅलरीपर्यंतचा आकडा असेल तर त्या क्षमतेचे कपडे, फेसशील्ड आणि त्याखाली डोक्या-मानेला झाकणारी टोपी लागते. शॉकच्या बाबतीत १५१ ते ७५० व्होल्टच्या उघड्या, स्थिर भागापासून १.०७ मीटरच्या आत अप्रशिक्षित माणसाने यायचं नाही, आणि ३० सेंटिमीटरच्या आत मोज्यांशिवाय कुणीच हात न्यायचा नाही. खोक्यावर ‘विद्युत सुरक्षा संच’ असं छापलेलं असलं तरी आत फक्त हातांची सुरक्षा आहे.

कॅनव्हासची पिशवी साधी पण चांगली आहे. मोजे त्यात सरळ ठेवायचे, बोटं वर आणि मनगट खाली, एका पिशवीत एकच जोड. घडी घालून, उलटे करून, किंवा टूलबॉक्समध्ये पक्कड-पान्यांखाली दाबून ठेवले तर ताणलेल्या जागी ओझोन लवकर चिरा पाडतो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रान्सफॉर्मरशेजारच्या गरम कपाटात ठेवू नयेत. धुवायला सौम्य साबण आणि कोमट पाणी, मग स्वच्छ पाणी, मग सावलीत पूर्ण कोरडे. पेट्रोलियम असलेलं क्रीम हाताला लावून मोजे घालू नका.

एकूण निकाल: ४०० ते ६९० व्होल्टच्या पॅनलवर काम करणाऱ्या कुणालाही दुरंगी, क्लास ०, ११ इंची संच घ्यायला हरकत नाही. खोल पॅनलमध्ये कोपरापर्यंत हात जाणार असेल तर १४ इंची घ्या. सोबत माणशी दुसरा जोड, सुती अस्तरं आणि प्रत्येक विभागाला एक हातपंप वेगळा मागवा. याशिवाय संच अर्धाच आहे. आणि चाचणीत नापास झालेला मोजा कचऱ्यात टाकण्याआधी त्याची बोटं कापून टाका. अख्खा टाकलेला मोजा कुणीतरी उचलून पुन्हा घालतो.